नाना वाइन घेत नाहीत, मग त्यांना प्रोव्हान्सला नेऊन करायचं काय?

"ताई, नमस्कार. मी पुण्यात आयटीत आहे, सासर दिंडोरी तालुक्यातलं. सासरे, म्हणजे आमचे नाना, वय ६७, वीस वर्षं झाली वाइनची द्राक्षं लावतात, चार एकर, शिराझ आणि कॅबर्ने, माल कराराने वाइनरीला जातो. नाना माळकरी आहेत, दरवर्षी वारी करतात, वाइनचा थेंब कधी चाखलेला नाही. आम्ही दोघं येत्या जुलैत फ्रान्सला, प्रोव्हान्समध्ये वाइनरी बघायला जायचं ठरवतोय, आठ दिवस, लिस्टमध्ये २२ वाइनरी झाल्यात, शिवाय लव्हेंडरची शेतं. मला मनापासून वाटतं नानांना न्यावं. नवरा म्हणतो, ते पीत नाहीत, तिथे काय करतील, गाडीत बसून राहतील. नानांना विचारलं तर 'तुम्ही जाऊन या पोरांनो, मला कशाला' म्हणाले. काय करू? प्लॅन सोबत पाठवलाय, तोही बघाल का? – दिंडोरीची सून"

अगं, नानांना न्यायचं. हे आधी सांगून टाकते, बाकीचं त्यानंतर. तुझा प्लॅन मी दोनदा वाचला आणि मला त्यात नानांपेक्षा त्या २२ आकड्याचीच काळजी वाटली.

मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा माझंही असंच होतं, दिवसाला पाच वाइनरी. सकाळी दहाला पहिली, दुसरीला पोचलो तर सव्वाबारा वाजलेले आणि गेट बंद, कारण तिकडे बारा ते दोन जेवणाची सुट्टी असते आणि सुट्टी म्हणजे सुट्टी, बेल वाजवली तरी कोणी येत नाही. मग उन्हात गाडीत बसा. चौथीपर्यंत जीभ बधिर, कुठली कुठे प्यायलो ते कळेना, पाचवीला तर आम्ही आत गेलो ते केवळ बुकिंग होतं म्हणून. दुसऱ्या वेळी माझी आई बरोबर होती. आईचं माहेर तासगावकडचं, द्राक्षाच्या बागेत वाढलेली, ती काही घेत नाही, त्यामुळे नाइलाजाने दिवसाला दोनच ठेवल्या. शातोनफ द्यू पाप या गावी एका छोट्या घरगुती वाइनरीत आम्ही आत टेस्टिंग करत होतो आणि आई बाहेर बागेच्या कडेला थांबली होती. जरा वेळाने बघते तर मालक आजोबा तिच्या शेजारी उकिडवे बसलेले. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. आईने खोडाला हात लावून खुणेनेच विचारलं, किती वर्षांचं, तर त्यांनी धुळीत बोटाने १९५२ लिहिलं. आई म्हणाली, माझ्याहून एका वर्षाने धाकटं गं. त्या दिवशी काय प्यायलो ते मला डायरी उघडून बघावं लागतं, पण ते धुळीतलं १९५२ अजून डोळ्यापुढे आहे.

तर नवऱ्याला सांग, वाइनरी म्हणजे नुसता टेस्टिंगचा काउंटर नाही, तिच्या मागे बाग असते आणि बाग बघायची नजर तुमच्या तिघांत फक्त नानांकडे आहे. तुम्ही दोघं ग्लासातलं बघाल, नाना मातीतलं बघतील आणि तुम्हाला सांगतील, आणि तेच ऐकायला मिळणार नसेल तर मग पुण्यात बसूनही बाटली आणता येते की.

नानांना तिथे काय दिसेल ते सांगते, म्हणजे नवऱ्यालाही पटेल. शातोनफच्या बऱ्याच शेतांत मातीच दिसत नाही, नुसते बटाट्याएवढे, नारळाएवढे गोल गोटे, रोन नदीने आणून टाकलेले. दिवसभर तापतात, रात्री ती ऊब वेलीला देतात, आणि खाली मातीतली ओल धरून ठेवतात. वेली मांडवावर नाहीत, वाय अँगलवर, म्हणजे वाय आकाराच्या लोखंडी खांबांवरही नाहीत. ग्रनाश नावाचं तिथलं मुख्य वाण बहुतेक करून बुटक्या झुडपासारखं वाढवतात, तार नाही की बांधणी नाही, गुडघ्याएवढं खोड आणि वर मोकळ्या फांद्या. ठिबकच्या नळ्या जवळजवळ दिसणारच नाहीत, कारण तिकडे पाणी देण्यावर कडक बंधनं आहेत. तोडणी हातानेच करायची असा नियम आहे. आणि उत्पादनाची मर्यादा हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे आपल्या हिशोबात एकरी साधारण २ टन द्राक्ष. नानांना हा आकडा सांग आणि त्यांचा चेहरा बघ. आपल्याकडे खायच्या द्राक्षाला एकरी १० टन निघाला नाही तर शेतकरी खट्टू होतो, आणि इथे माणूस मुद्दाम २ टनांवर थांबतो आणि त्यावर पिढ्यानपिढ्या घर चालवतो. हे कसं परवडतं हा प्रश्न नाना विचारतीलच आणि तो त्या मालकांना विचारण्यासारखा सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

शिवाय मिस्त्राल आहे. हा उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून येणारा कोरडा, गार, जोराचा वारा, सुटला की दोन-चार दिवस सहज चालतो, टोपी टिकत नाही डोक्यावर. म्हणून तिकडची जुनी शेतघरं उत्तरेला पाठ करून बांधलेली आणि शेताच्या कडेला सायप्रसच्या उंच झाडांची भिंत. पण हाच वारा पावसानंतर पानं भराभर सुकवतो, त्यामुळे डावणीला, म्हणजे द्राक्षाच्या पानांवरच्या बुरशीला, जोर करता येत नाही. पाऊस पडला की रात्री-अपरात्री फवारणीला धावणाऱ्या माणसाला या वाऱ्याची किंमत मी सांगायला नको. (स्वेटर घ्या हं, ऊन असलं तरी.)

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शिराझ. नाना वीस वर्षं जे वाण सांभाळतात त्याचं माहेर याच रोनच्या काठावर आहे, तिकडे त्याला सिरा म्हणतात. १९९८ मध्ये डीएनए तपासून त्याचे आईबाप शोधले तेव्हा दोन्ही फ्रान्सच्या आग्नेय भागातलीच जुनी वाणं निघाली. शातोनफला सिरा मिसळायला वापरतात, पण एकट्या सिराच्या टेकड्या बघायच्या तर आविन्यों शहरातून उत्तरेला तँ लेर्मिताज गावी जायचं, नदीकाठाने जाणारी लोकल ट्रेन आहे, साधारण दीड तास धर. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर ती ग्रॅनाइटची उभी टेकडी, दगडी बांधांवर वेली. हे खरं तर प्रोव्हान्सच्या बाहेर पडतं, पण तुझ्या लिस्टमधल्या पंधरा वाइनरी काढून टाकून हा एक दिवस घाल असं मी म्हणेन.

आता जुलै. जुलै नको. एक तर वारी असते, आषाढीच्या आधी नाना कुठे हलणार नाहीत आणि हलवूही नये. दुसरं, जुलैत आविन्योंला मोठा नाट्यमहोत्सव असतो, १९४७ पासून चालत आलेला, गावभर पोस्टर आणि गर्दी, हॉटेलचे दर आकाशाला. तिसरं, ऊन. ३५ च्या वर पारा आणि सावली नाही, ६७ वर्षांच्या माणसाला भर दुपारी गोट्यांच्या शेतात उभं करायचं का? लव्हेंडर मात्र जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतच बघावं, नंतर कापणी सुरू होते, त्यामुळे ते या वेळी सोडून द्यावं लागेल. मला माहितीये वाईट वाटेल, फोटो सगळे त्याचेच असतात. पण तुला लव्हेंडर आणि नाना यातलं एक निवडायचंय आणि पत्रावरून तुझं मन कुठे आहे ते दिसतंय.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धर. वारी झालेली, आपल्याकडची ऑक्टोबर छाटणी अजून लागायची, नानांना बाग सोडता येईल असा वर्षातला हाच काय तो मोकळा तुकडा. गणपती मात्र त्या वर्षी कधी येतात ते कालनिर्णयात बघ आणि त्याप्रमाणे आठवडा पुढेमागे कर. या दिवसांत तिकडे तोडणी चालू असते. काही छोट्या वाइनरी त्यामुळे 'आत्ता वेळ नाही' म्हणतील, ते खरंच असतं, राग मानू नकोस. पण ज्या हो म्हणतील तिथे नानांना ट्रॉल्या येताना, माल उतरताना, साखर मोजताना दिसेल. ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातली साखर, बघणं हे काम नानांनी हजार वेळा केलंय, फक्त तिकडे तोडणी सप्टेंबरात आणि आपली जानेवारी ते मार्च.

यासाठी एक सहकारी वाइनरी नक्की घाल. तिकडच्या द्राक्षपट्ट्यात गावोगाव आहेत, 'काव्ह कोऑपेरातिव्ह' अशी पाटी असते. शेकडो सभासद शेतकरी, सगळ्यांचा माल एका ठिकाणी, वजन, साखर आणि मग त्याप्रमाणे पेमेंट. आपल्या साखर कारखान्याचीच पद्धत. बोम द व्हनीझ गावाची सोसायटी मोठी आहे आणि तिथे दुकानात टेस्टिंगला सहसा बुकिंगही लागत नाही. फोटोतले शातो वगैरे छान असतात पण शेतकऱ्याला शेतकऱ्याच्या जागी जास्त बोलावंसं वाटतं.

राहायचं म्हणशील तर चार हॉटेलं बदलू नका. रोज बॅगा भरणं यात अर्धी ट्रिप जाते. पॅरिसच्या विमानतळावरूनच आविन्योंला थेट टीजीव्ही, म्हणजे तिकडची वेगवान रेल्वे, मिळते, साडेतीन तासांच्या आसपास, पॅरिस शहरात शिरायचीही गरज नाही. आविन्यों किंवा कार्पांत्राच्या बाजूला स्वयंपाकघर असलेलं घर पाच रात्री घ्या. तिथून शातोनफ, जिगोंदास, बोम द व्हनीझ सगळं गाडीने अर्ध्या-पाऊण तासात. जिगोंदासला गावातच उत्पादकांच्या संघटनेचं एकत्र टेस्टिंगचं ठिकाण आहे, तिथे एका छताखाली अनेकांच्या वाइन चाखता येतात, म्हणजे तुमची पाच गेटं वाचतात, आणि तेवढ्यात नाना मागे दँतेल द मोंमिरायचे ते करवतीच्या दातांसारखे सुळके बघत बसतील. एक संध्याकाळ आविन्योंच्या पोपच्या राजवाड्यासाठी ठेवा. १३०९ ते १३७७ पोप रोमऐवजी इथे राहत होते आणि त्यांनीच शातोनफला किल्ला बांधला, म्हणून त्या गावाचं नाव 'पोपचा नवा किल्ला'. किल्ला आधीच पडीक झाला होता, मनोरा तेवढा उरला होता, त्याचाही एक भाग १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी उडवला, आता उरलेला भाग काय तो उभा आहे.

मग दोन रात्री समुद्राकडे, कासी किंवा बांदोल. बांदोलची तांबडी वाइन मूरव्हेद्र नावाच्या वाणाची, निम्मी तरी तीच असावी लागते आणि किमान १८ महिने लाकडी पिंपात, डोंगरउतारावर दगडी बांध घालून लावलेल्या बागा. एक वाइनरी पुरे. कासीला बंदरातून बोटीने काळांक बघायला जा, पांढऱ्या कड्यांमधल्या निळ्या खाड्या. इथे मी फार सांगत नाही, समुद्र आहे, बसा.

गाडी कोण चालवणार ते तू सरळ 'नवरा' लिहिलंस आणि टेस्टिंग कोण करणार तिथेही 'दोघं'. हे जमणार नाही. तिकडे मर्यादा १०० मिलि रक्तात ५० मिलिग्रॅम, आपल्याकडे ३०, त्यामुळे सैल वाटते, पण चार ठिकाणचे चार-चार घोट मिळून ती कधी ओलांडली ते कळत नाही, आणि त्यातून रस्ता उजव्या बाजूचा, चौकाचौकात राउंडअबाउट, त्यात डावीकडून फिरत येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मागच्या सीटवर नाना. त्यामुळे ज्या दिवशी तो चालवेल त्या दिवशी त्याने थुंकायचं, चाखून थुंकणं तिकडे अगदी रीतसर आहे, काउंटरवर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, कोणी वाईट मानत नाही, उलट जाणकार समजतात. आणि शातोनफ-जिगोंदासचा एक दिवस ड्रायव्हरसकट गाडी घ्या, महाग पडेल पण तो दिवस दोघांचा होईल. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा, तिकडे मॅन्युअल गाड्या भरपूर आणि ऑटोमॅटिक पटकन संपतात. इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून घ्या.

वाइनरीला मेल कर, फोनपेक्षा मेल बरा, दोन-तीन आठवडे आधी. मेलमध्ये नुसतं 'तीन जणांचं टेस्टिंग' असं लिहू नकोस. लिही की माझे सासरे भारतात नाशिकजवळ वीस वर्षं सिरा लावतात, ते वाइन घेत नाहीत, त्यांना तुमची बाग बघायची आहे. फ्रेंचमध्ये भाषांतर करून पाठव. या एका वाक्याने जी दारं उघडतील ती पैसे भरून उघडत नाहीत. नानांच्या बागेचे फोटो फोनमध्ये वेगळे काढून ठेव, छाटणीचे, फुलोऱ्याचे, मालाचे, मांडवाचे. आणि आत शिरलं की आधी 'बोंजूर', मग बाकीचं. काही ठिकाणी टेस्टिंगचे पैसे घेतात, बाटली घेतली तर बऱ्याचदा ते वळते करतात.

नानांना 'एक घोट घेऊन बघा' म्हणू नका. मालक प्रेमाने ग्लास पुढे करेल तेव्हा तू मध्ये पड आणि सांग. गळ्यात माळ आहे, हा विषय संपला. पण बऱ्याच वाइनरी द्राक्षाचा साधा रसही करतात, 'ज्यू द रेझँ', आधी विचारून ठेव. आणि नानांना वास घ्यायला हरकत नसेल तर ग्लास हातात देऊन बघ, आपल्याच वाणाचा वास ओळखू येतो का ते त्यांनाच ठरवू दे.

जेवणाचं. पोळी-भाजी घरी करता यावी म्हणूनच ते स्वयंपाकघर सांगितलं. तांदूळ, तूरडाळ, गोडा मसाला, मेतकूट न्या, पण तूप, पेढे, खवा असलं काही नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. भाजीपाल्याला बाजार सुंदर, कार्पांत्राला शुक्रवारी आणि व्हेजों ला रोमेनला मंगळवारी भरतो. बाहेर खाताना रातातुई चालेल, चण्याच्या पिठाच्या तळलेल्या पानिस चालतील, पण तापनाद नावाची ऑलिव्हची चटणी असते ती निरागस दिसते आणि तिच्यात अँचोवी मासा वाटलेला असतो. चीजमध्येही पुष्कळदा जनावराचं रेनेट, म्हणजे दूध गोठवायचा पदार्थ, असतं, त्यामुळे विचारल्याशिवाय नानांच्या पानात घालू नका.

येताना बाटल्या. भारतात माणशी २ लिटर मोफत आणता येते, म्हणजे ७५० मिलिच्या दोन आणि वर एक अर्धी बाटली. ती अर्धी बोम द व्हनीझच्या गोड मस्का वाइनची घे, छोट्या बाटलीत मिळते. नाना प्रवासी म्हणून त्यांचेही २ लिटर होतात असा हिशोब नवरा करेल, पण त्यांच्या बॅगेत बाटल्या ठेवू नका, मला ते बरोबर वाटत नाही.

आणि एक गोष्ट नानांना निघायच्या आधीच सांग, कारण कुठलाही बागायतदार जुनी चांगली वेल बघितली की त्याचा हात खिशातल्या कात्रीकडे जातो. काडी आणायची नाही. एकसुद्धा नाही, ओल्या फडक्यात गुंडाळूनही नाही. परमिट आणि तपासणीच्या दाखल्याशिवाय ते बेकायदा आहे आणि त्याचं कारण नानांना तिथेच, नदीपलीकडे दिसेल. शातोनफच्या समोरच्या काठावर रोकमोर गाव आहे. १८६० च्या दशकात तिथल्या एका व्यापाऱ्याने हौसेने अमेरिकेतून वेली मागवून लावल्या, त्यांच्या मुळांवर फायलोक्सेरा नावाची बारीक कीड आली आणि काही वर्षांत फ्रान्सच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. उपाय शेवटी अमेरिकेतच सापडला, अमेरिकन मुळावर फ्रेंच डोळा कलम करायचा. आपल्या नाशिकला डॉगरीजच्या रूटस्टॉकवर कलमं करतात ना, तो डॉगरीजही अमेरिकन जंगली वेलीतूनच आलेला. आपल्याकडे तो खारट पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी लावतात, पण कलमाची युक्ती तीच. आविन्योंला असताना अर्धा तास काढून नानांना त्या रोकमोर गावात नेऊन आण, बघायला फारसं काही नाही, तरी ने.

नाना 'मला कशाला' म्हणतात ते खर्चाच्या धास्तीने आणि तुमच्या मजेत अडचण नको म्हणून. त्यांना 'चला फिरायला' म्हणू नकोस. म्हण, नाना, आम्हाला बागेतलं काही कळत नाही, तिथली माणसं सांगतील ते आम्हाला समजावून द्यायला कोणी तरी हवं. हे खरंच आहे, त्यामुळे बोलताना तुला अडखळायला होणार नाही.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, नानांचा हप्ता वयामुळे जास्त बसेल. त्यांचं उत्पन्न शेतीचं, तर सातबाराचा उतारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, वाइनरीसोबतच्या कराराची प्रत, बँकेचं स्टेटमेंट आणि मुलाचं खर्च उचलण्याचं पत्र हे सगळं लाव. बोटांचे ठसे द्यायला त्यांना स्वतः यावं लागेल, ती तारीख वारीच्या दिवसांत येणार नाही एवढं बघ. आणि पत्रात तू एक लिहिलंच नाहीस, नानांचा पासपोर्ट आहे का? नसेल तर आधी तो. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख जुळते का ते आज रात्री फोन करून विचारून घे, त्या पिढीचं तिथेच अडतं.